एकवीस खड्यांचा डबा

अकोल्याच्या जुन्या शहरात किसनराव वायरमनच्या दोन वस्तू सगळ्यांना ठाऊक आहेत. एक टेस्टर. तो काय, प्रत्येक वायरमनच्या खिशाला असतोच. दुसरी वस्तू म्हणजे गोळ्यांचा एक जुना पत्र्याचा डबा, आणि तसा डबा दुसऱ्या कुठल्या वायरमनकडे असेल असं वाटत नाही. डब्यात पावशेर तुरीची डाळ असते आणि त्या डाळीत मोजून एकवीस खडे. स्वयंपाकघरात दिवा लावून झाला की किसनराव डबा घरच्या बाईंच्या हातात देतात आणि म्हणतात, "निवडा." एकवीसच्या एकवीस निघाले तर दिवा पास. अठरा निघाले तर शिडी पुन्हा भिंतीला लागते. घरमालक म्हणतो, अहो, झाला की लख्ख उजेड, राहू द्या आता. किसनराव ऐकत नाहीत. लख्ख आहे की नाही ते तुम्ही सांगा, कामाचा आहे की नाही ते डाळ सांगेल, असं त्यांचं म्हणणं. लोक हसतात, पण काम त्यांनाच देतात.

या डब्याची गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीची. किसनराव आयटीआयचा वायरमनचा कोर्स करून नुकतेच कामाला लागले होते. बैठक, माडी, जिना, न्हाणीघर, सगळीकडे ते स्वतः पट्ट्या ठोकायचे, वायर ओढायचे. पण काही घरांत स्वयंपाकघराशी आलं की गाडी अडायची. तोवर आडनाव विचारून झालेलं असायचं. "तुम्ही दारातूनच सांगा, होल्डर आमचा माणूस बसवेल," असं अगदी गोड आवाजात सांगितलं जायचं. मग किसनराव चौकटीत उभे, आणि ज्याला पक्कड कशी धरतात हे माहीत नाही असा कुणीतरी स्टुलावर. किसनरावांना राग यायचा. जेवण गोड लागू नये इतका यायचा. पण चौकटीत उभ्या माणसाला करता काही येत नसलं तरी बघता येतं, आणि किसनराव बघत राहिले.

त्यांना दिसलं ते असं. बल्ब छताच्या मधोमध, बाई भिंतीकडे तोंड करून ओट्याशी. म्हणजे बल्ब तिच्या पाठीशी आणि तिची स्वतःची सावली परातीत. घरोघर तेच. बैठकीत झुंबर, आणि जिला दिवसातून सहा तास सुरी-विळी चालवायची ती अंधारात. लग्न झाल्यावर त्यांनी हे मनकर्णाबाईंना मोठ्या कौतुकानं सांगितलं. मनकर्णाबाई डाळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "हे तुमाले आता दिसलं काय? आमाले जन्मापासून ठाऊक हाये. उजेड पाहाचा असन तं दिव्याकडे नका पाहू. डाळीकडे पाहा." आणि निवडून काढलेले खडे त्यांनी नवऱ्याच्या तळहातावर ठेवले. मोजले तर एकवीस होते. तेच पुन्हा डाळीत गेले, डाळ डब्यात गेली आणि डबा पिशवीत गेला. डाळ दर वर्षी संक्रांतीला बदलते. खडे तेच आहेत.

पुढे दिवस बदलले. किसनराव आत जाऊ लागले, आत चहा मिळू लागला, काही घरांत तर राखीही बांधली गेली. पण चौकटीतल्या दिवसांची एक सवय अंगात मुरली ती मुरलीच. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातल्या वस्तूला हात लावायचा नाही. आपली वायर, आपलं बटण, आपला दिवा, बस. वाटेत डबा असला तरी ते स्वतः सरकवत नाहीत, घरच्यांना सांगतात. नीटनेटका माणूस म्हणून या सवयीचं फार कौतुक झालं. तीच एक दिवस अंगाशी येईल असं कुणाला वाटलं नव्हतं.

त्यांना एकच मुलगी, प्रियदर्शनी. तिनं अमरावतीला इंटिरियरचा डिप्लोमा केला आणि तिथल्याच एका मॉड्युलर किचनच्या शोरूममध्ये सहा वर्षं नोकरी केली. नकाशे हिचे, मापं हिची, गिऱ्हाइकांची बोलणी खायची तीही हिनंच, आणि नाव शोरूमचं. या वर्षी संक्रांतीनंतर तिनं नोकरी सोडली आणि स्वतःचं काम सुरू करायचं ठरवलं. मनकर्णाबाई धास्तावल्या. किसनरावांनी मात्र छातीवर हात ठेवून सांगितलं, "तू किचन पाह्य. लाइटाचं माह्यावर सोड. लाइटापायी तुह्यं नाव खाली जानार नाही." माणूस एरवी मोजकं बोलणारा. पण लेकीसमोर बापाला थोडी फुशारकी सुचतेच.

तिचं पहिलं स्वतंत्र काम म्हणजे गोदावरीबाईंचं किचन. गोदावरीबाई अमरावतीच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. माहेर भिक्षुकांचं, सासर वकिलांचं. यजमान अजूनही माडीवर कायद्याच्या पुस्तकांत असतात आणि किचनच्या बाबतीत त्यांचं मत कुणी विचारलं नाही, त्यांनीही दिलं नाही. बाईंना कॉलनीत मान मोठा. त्यांनी भाजीवाला चांगला म्हटलं की त्याची गाडी फाटकातच रिकामी होते. शेजारच्या दोघींना किचन नवं करायचंच होतं, पण दोघीही थांबल्या होत्या. "आधी बाईंचं होऊ दे, मग बघू," असं त्यांनी प्रियदर्शनीला स्पष्टच सांगितलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बाईंकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू, त्या दिवशी सगळी कॉलनी येणार आणि किचन बघणार. म्हणजे प्रियदर्शनीचं दुकान चालणार की ती शोरूमच्या मालकापुढे पुन्हा जाऊन उभी राहणार, हे आखाजीच्या संध्याकाळी ठरणार होतं.

किचन देखणं झालं होतं यात शंका नाही. समोरासमोर दोन ओटे, काळं ग्रॅनाइट, टोकाला खिडकी, अलीकडे दार आणि दाराशी एक छोटं टेबल नि खुर्ची. बाईंचे गुडघे दुखतात, म्हणून चिरणं-निवडणं त्या खुर्चीवर बसून करतात. कपाटांची दारं जांभळट लाल रंगाची आणि इतकी गुळगुळीत की त्यांत बघून भांग पाडावा. पण ही चमक फक्त नमुन्याच्या तुकड्यात दिसली होती. प्रत्यक्ष दारांवर कारखान्याची दुधट फिल्म चिकटलेली होती आणि ती काढायला बाईंची सक्त मनाई होती. त्यांच्या घरात टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत राहतो, फ्रिजच्या दांडीला कापडी बाही असते आणि सोफ्याचं खरं कापड पाहुण्यांनीसुद्धा पाहिलेलं नाही. "फिल्म आखाजीच्या आधी निघणार नाही," त्या म्हणाल्या, आणि विषय संपला.

फाल्गुनात किसनराव दिव्यांचा बेत करायला आले. त्यांची पद्धत ठरलेली. आधी त्यांनी बाईंना ओट्याशी उभं केलं आणि लटका स्वयंपाक करायला लावला. इथं कणीक मळा, इथं फोडणी घाला, इथं ताट वाढा. बाईंना आधी हसू आलं, मग त्या रंगल्या आणि खोट्या फोडणीवर खरंखुरं खोकल्या. किसनरावांनी खडूनं ओट्यावर खुणा केल्या. मग हळद आणि तिखट मागून घेतलं आणि एलईडीच्या तीन पट्ट्या आळीपाळीनं पेटवून वर धरल्या. पांढऱ्या उजेडात हळद आजारी दिसली, पिवळ्या उजेडात तिखट आणि हळद भावंडं वाटली, मधल्या रंगात दोन्ही आपापल्या जागी आली. मधला रंग ठरला. वरच्या कपाटांखाली, आत भिंतीच्या बाजूला, गॅसच्या ओट्याच्या पूर्ण लांबीची उघडी पट्टी लावायची, असं किसनरावांनी सांगितलं.

प्रियदर्शनी वहीत लिहिता लिहिता थांबली. "बाबा, पट्टी समोरच्या कडेले लावू. तोंड भिंतीकडे, आन् वरून दुधी झाकन."

"झाकनानं उजेड मरते. मंग खडे नाही दिसत."

"पन समोरची दारं चमकदार हायेत. पट्टीचा एक-एक दाना त्याच्यात दिसन. एका दाराची फिल्म काढून पाहू. फक्त एकाची."

"थ्या नाही म्हनल्या ना? मंग आपन हात लावाचा नाही." किसनरावांनी समोरच्या दारांकडे पाहिलं. हातातल्या पट्टीचा उजेड फिल्मवर सायीसारखा पसरला होता. "पाह्य बरं, किती मऊ दिसून राहिला. काई होत नाही."

प्रियदर्शनीनं वही मिटली. तिला पटलं नव्हतं, पण समोर गिऱ्हाईक होतं आणि बापाच्या चाळीस वर्षांपुढे तिचं एक वाक्य होतं. पट्टी बसली. डब्याची परीक्षा झाली. बाईंनी ओट्याशी उभं राहून डाळ निवडली आणि गणिताच्या शिक्षिकेला शोभेल अशा रांगेत एकवीस खडे ग्रॅनाइटवर मांडले. किसनराव समाधानानं अकोल्याला परतले आणि मनकर्णाबाईंना म्हणाले, "पोरीचं काम झालं."

आखाजी रविवारी होती. गुरुवारी दुपारी बाईंनी फिल्म काढायला घेतली. नवी फिल्म ओढून काढण्यात जे सुख असतं ते त्यांनी कुणाला वाटून दिलं नाही, एकटीनं चौदा दारं सोलली. संध्याकाळी त्यांनी ओट्यावरचा दिवा लावला, कैऱ्या घेऊन खुर्चीवर बसल्या, आणि पाच मिनिटांत प्रियदर्शनीला फोन केला.

"पोरी, माझ्या किचनमधून वरात निघून राहिली आहे. नवरदेव तेवढा पाठव."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं किसनराव अमरावतीजवळच्या बडनेऱ्याला उतरले. रिक्षानं घरी पोचेपर्यंत ऊन असं चढलं होतं की डोळे उघडवेनात. प्रियदर्शनी आधीच आलेली होती. तिनं खिडकीचा पडदा ओढला आणि बटण दाबलं.

समोरच्या प्रत्येक दारात ठिपक्यांची एक रांग पेटली. वरच्या दारांत, खालच्या दारांत, उंच कपाटाच्या दारात. पांढरे, टोचरे, मोजता येतील असे ठिपके. एका पट्टीच्या आठ-दहा पट्ट्या झाल्या होत्या. काळ्या ग्रॅनाइटनंही आपला वाटा उचलला होता. किसनराव जिथं उभे राहतील तिथून ते ठिपके त्यांच्याबरोबर सरकत होते.

"खुर्चीवर बसलं की समोरचेही दिसतात आणि पट्टीसुद्धा थेट डोळ्यात जाते," गोदावरीबाई म्हणाल्या. "एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय माझा, दुसऱ्याचा राहिलाय. दोन्ही डोळ्यांचं एकमत झालं, की हा दिवा नको. मी काल जुनी ट्यूब लावून कैऱ्या किसल्या. परवापर्यंत जमत असेल तर बघा, नाही तर पट्टी काढून न्या. ट्यूब काही वाईट नाही. पण मला कुणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, एवढं सांगून ठेवते."

चाळीस वर्षांत शिडी पुन्हा लावायची वेळ अनेकदा आली होती, पण ती किसनरावांच्या स्वतःच्या नावावर. आज ती लेकीच्या नावावर आली होती, आणि तीही तिचं न ऐकल्यामुळे. लाज वाटली. ती गिळून टाकायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

"मॅडम, चूक माह्यी हाये," ते म्हणाले. "पोरीनं तवाच सांगतलं होतं. एका दाराची फिल्म काढून पाहू म्हने. मीच नाही म्हनलो."

"काहून?"

"तुमी काढू नका म्हनल्या होत्या. दुसऱ्याच्या सैपाकघरातल्या वस्तूले मी हात लावत नाही."

"अहो, मग मला विचारायचं. एका दाराला मी काय नाही म्हटलं असतं?" असं म्हणून बाई थांबल्या. खरं तर त्या तेव्हा नाहीच म्हणाल्या असत्या, आणि ते त्यांच्याही लक्षात आलं. "बरं, म्हटलं असतं. अर्धी चूक माझी. आता काय करायचं ते करा."

किसनरावांनी ओट्याशी उभं राहून वर पाहिलं, खाली पाहिलं. डोकं चालेना. मग पाय आपोआप मागे सरकले आणि ते चौकटीत जाऊन उभे राहिले. एक हात दाराच्या लाकडावर, जसा पूर्वी असायचा. कितीतरी वर्षांनी ते तिथं उभे होते. आणि तिथून त्यांना सगळं पुन्हा नीट दिसायला लागलं. फाल्गुनात ते आत गेले, बाईंच्या शेजारी उभे राहिले, ओट्यावर काय दिसतं ते पाहिलं. पण बाई ओट्याशी असतात तासभर आणि खुर्चीवर असतात चार तास. बाहेरून पाहिलं असतं तर ते पहिल्या दिवशी समजलं असतं. आत घेतल्याच्या आनंदात किसनराव दारातून बघायचं विसरले होते.

"दारात काहून उभे आहात?" बाईंनी विचारलं. "आत या ना. इथं बसून बघा, म्हणजे कळेल माझं दुखणं." आणि त्यांनी आपली खुर्ची पुढे सरकवली.

किसनराव क्षणभर घुटमळले. मग येऊन खुर्चीवर बसले. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात चहा त्यांनी पुष्कळदा घेतला होता, पण उभ्यानं, हातात पक्कड धरून. घरच्या बाईंच्या जागेवर बसून समोर बघायची ही पहिलीच वेळ. बसल्या बसल्या पट्टी थेट डोळ्यात आली आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

"प्रियदर्शनी," ते म्हणाले, "तू सांग. मी लावतो."

ती दोन महिने याच वाक्याची वाट पाहत असावी, कारण पिशवीतून तिनं सगळं सामान काढलं. ॲल्युमिनियमचा तिरपा चॅनल होता, त्यावर बसणारं दुधी झाकण होतं आणि दारांच्याच रंगाची दोन बोटं रुंद पट्टी होती. "हे कपाटाच्या समोरच्या कडेले लावाचं, पडद्यासारखं," ती म्हणाली. "त्याच्या मांगं चॅनल, तोंड भिंतीकडे तिरपं. टाइल मी मुद्दाम बिनचमकीची घेतली होती. उजेड टाइलवर पडन आन् थितून ओट्यावर येइन. दाना कोनालेच दिसनार नाही."

"आन् उजेड मरन थ्याचं?"

"पट्टी दुप्पट दान्यांची घेतली हाये. झाकन खाइन थे खाऊ दे."

किसनरावांनी लेकीकडे पाहिलं. त्यांना आतून इतकं बरं वाटलं की उन्हात आल्याचा शीण गेला.

जुनी पट्टी उतरली. नवीचा एक तुकडा तात्पुरता चिकटवून दिवा लावला, आणि बाई खुर्चीवर बसून हुकूम सोडू लागल्या. "अजून दोन ठिपके दिसतात. खिडकीकडच्या बाजूला." किसनरावांनी चॅनल जरा अधिक तिरपा केला. "आता एक." प्रियदर्शनी गुडघ्यावर बसली, बाईंच्या डोळ्यांच्या उंचीवर आली आणि तिनं शोधून काढलं, की पडद्याची आतली बाजूसुद्धा चमकदार आहे आणि तीच दिवा परत फेकते. आतल्या बाजूला तिनं साधा कागदी टेप लावून पाहिला. ठिपका गेला. दाराच्या बाजूचं टोक उघडं राहत होतं, तिथं एक आडवा तुकडा लागला. चॅनल शनिवारी दुपारपर्यंत कायमचा बसला, आतल्या बाजूला बिनचमकीचा रंग चढला. बाईंनी स्वतः किसनरावांच्या हाती स्क्रू दिले आणि दोनदा न विचारता हळदीचा डबा सरकवला. तिसऱ्यांदा किसनरावांनी तो स्वतः सरकवला. कुणाच्या लक्षातही आलं नाही, फक्त प्रियदर्शनीनं पाहिलं आणि ती खाली बघून हसली.

रविवारी चार वाजता, बायका यायच्या आधी, गोदावरीबाईंनीच आठवण केली. "तो तुमचा डबा काढा."

"मॅडम, राहू द्या. दिसून राहिलं ना सगळं."

"तुम्ही आपली परीक्षा सोडता, पण मी तीस वर्षं परीक्षा घेतल्या आहेत. काढा."

पडदे ओढले, दिवा लावला. टाइलवरून उजेड ओट्यावर उतरला आणि ओट्यावरून दारापर्यंत अंधुक पोचला. समोरची दारं शांत होती, गडद, ठिपक्यावाचून. त्यांत फक्त माणसं दिसत होती. बाईंची खुर्ची प्रियदर्शनीनं उचलून ओट्याच्या टोकाशी, उजेडाजवळ आणली. बाई बसल्या, ताटलीत डाळ ओतली आणि निवडू लागल्या. एकेक खडा ग्रॅनाइटवर टक्कन वाजत होता. दहा झाले. पंधरा झाले. अठरावर त्या थांबल्या आणि किसनरावांनी वर पट्टीकडे पाहिलं, कारण अठरा म्हणजे शिडी पुन्हा भिंतीला, आणि फाटकाशी दोन-तीन बायकांचा आवाज ऐकू यायला लागला होता. प्रियदर्शनीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं होतं.

बाईंनी चष्मा वर सरकवला. एकोणीस. वीस. एकवीस.

किसनरावांनी ताटली घ्यायला हात पुढे केला.

"थांबा," बाई म्हणाल्या. त्यांनी आणखी एक खडा उचलला आणि रांगेच्या शेवटी ठेवला. "बावीस."

"एकवीसच हायेत, मॅडम. चाळीस वर्षं झाले."

"मला मोजता येतं, किसनराव."

तिघांनी मिळून पुन्हा मोजले. बावीस होते. बाविसावा खडा मातकट पिवळा, डाळीच्याच आकाराचा, डाळीच्याच रंगाचा. यंदाच्या डाळीबरोबर तो दुकानातून आला असणार. फाल्गुनात याच बाईंना तो दिसला नव्हता, आणि त्याआधी संक्रांतीपासून अकोल्यातल्या तीन-चार घरांतही कुणाला दिसला नव्हता. त्या सगळ्या घरांना किसनरावांनी पास केलं होतं. ते बराच वेळ त्या खड्याकडे बघत राहिले, मग हसायला लागले आणि त्यांचं हसू थांबेचना. प्रियदर्शनी आधी हसली, मग तिच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि ते तिनं पुसलंही नाही.

किसनरावांनी डाळ आणि बावीसही खडे डब्यात भरले, झाकण लावलं आणि डबा लेकीच्या हातात दिला. "आता हा तुह्याजवळ ठेव," ते म्हणाले. "मी मागून घेत जाइन."

मग बायका आल्या. आंबेडाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, कुंकू, अत्तर, गौरीसमोर कलिंगडाची कोरलेली कमळं. ओट्यावरचा दिवा लावून ठेवलेला होता आणि येणारी प्रत्येक जण गौरीला हात जोडून झालं की आत डोकावत होती. शेजारच्या दोघी तर आतच ठाण मांडून बसल्या. एकीनं दाराच्या चमकेवरून हात फिरवला आणि विचारलं, "बाई, एवढी चमक, मग दिवा डोळ्यात कसा येत नाही?"

"ते मला नका विचारू," गोदावरीबाई म्हणाल्या आणि त्यांनी प्रियदर्शनीला दंडाला धरून पुढे केलं. "हिला विचारा. किचन हिचं आहे. आधी चुकलं होतं, तेही हिनंच दुरुस्त केलं. आणि तुमचं करायचं असेल तर फिल्म पहिल्याच दिवशी काढा, हे माझ्याकडून." दुसरी शेजारीण म्हणाली, "मंगळवारी येतेस का ग माप घ्यायला?" प्रियदर्शनीनं वही शोधली, ती सापडेना, म्हणून तिनं तळहातावरच लिहून घेतलं.

बायकांच्या गर्दीत आपलं काय काम, म्हणून किसनराव पिशवी उचलून ओसरीकडे निघाले होते. चौकटीपाशी पोचतात तोच बाईंनी हाक मारली. "किसनराव, कुठं निघालात? बसा तिथं." त्यांनी पुन्हा दाराजवळ ठेवलेली आपली खुर्ची दाखवली आणि समोरच्या टेबलावर आंबेडाळीची बशी नि पन्ह्याचा पेला ठेवला. बायकांनी वाट करून दिली आणि आपल्या गप्पा पुढे चालू केल्या. किसनराव बसले. समोरच्या जांभळट लाल दारात त्यांना प्रियदर्शनी दिसली, चार बायकांच्या मध्ये हात हलवून काहीतरी समजावताना. तिच्या मागे खुर्चीवर एक म्हातारा बशी घेऊन बसलेला होता. तो आपणच आहोत हे कळायला त्यांना जरा वेळ लागला.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. मनकर्णाबाई अकोल्याहून सकाळपासून तिसऱ्यांदा विचारत होत्या.

"झालं काय जी?"

"झालं. दोन कामं भेटले पोरीले. आन् खडे बावीस निघाले."

"बावीस?" मनकर्णाबाईंनी क्षणभर विचार केला, पण त्यांना दुसरंच काही विचारायचं होतं. "एवढा गलका कायचा हाये? तुमी कुठून बोलून राहिले?"

"सैपाकघरातून."

"दारातून?"

"नाही," किसनराव म्हणाले. "आत बसलो हाओ. खुर्चीवर. आंबेडाळ खाऊन राहिलो."



"मंग फोन ठेवा," मनकर्णाबाई म्हणाल्या. "निवांत खा."